अंगठ्यासाठी ऐंशी वर्षं

परवा बाजारात ओळखीचे एक काका भेटले. सहा वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत त्यांचा उजवा अंगठा गेला. बातमी मीच दिली होती, सहा ओळींची. चहाचा कप दोन्ही हातांनी धरत त्यांनी विचारलं, "पायाचं बोट हाताला लावतात म्हणे. खरं का रे?"

खरं आहे, काका. आणि गोष्ट बरीच जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियात ग्राझच्या कार्ल निकोलादोनी या सर्जनने हे केलं. तेव्हा बारीक रक्तवाहिन्या शिवता येत नव्हत्या. म्हणून रुग्णाचा हात काही आठवडे पायालाच जोडून ठेवायचा. बोटाला हाताचं रक्त मिळू लागलं की मग ते पायापासून सोडवायचं. त्या माणसाचं काय होत असेल, विचार करा.

1960 मध्ये अमेरिकेत जेकबसन आणि सुआरेझ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या शिवल्या आणि वाट मोकळी झाली. 1963 मध्ये शांघायला चेन झोंगवेई यांनी एका कारखान्यातल्या कामगाराचा तुटलेला हात परत जोडला. 1966 मध्ये तिथेच यांग डोंग्युए यांनी पायाचं दुसरं बोट एकाच ऑपरेशनमध्ये हाताला लावलं. 1968 मध्ये इंग्लंडच्या जॉन कॉबेट यांनी पायाचा अंगठा हातावर बसवला.

पण मग पायाचं काय? चालताना जोर अंगठ्यावरच येतो ना!

म्हणून पुढे डॉक्टर पायाचं कमीत कमी घ्यायला शिकले. पायाच्या पहिल्या दोन बोटांमधल्या खाचेतली कातडी, तिची रक्तवाहिनी आणि नस यांच्यासकट उचलायची आणि हाताला जोडायची. ही कातडी तळहातासारखीच. नस जोडली की हळूहळू स्पर्शही कळतो. 1980 मध्ये मेलबर्नच्या वेन मॉरिसन यांनी पायाच्या अंगठ्याची नखासकट कातडी कमरेच्या हाडाच्या तुकड्याभोवती गुंडाळून हाताचा अंगठा घडवला. पायाचा अंगठा बराचसा जागेवरच राहिला.

आपल्याकडे 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा म्हणजे कमाईच्या ताकदीचे 30 टक्के धरले जात. हे आकडे आम्ही पत्रकार छापतो. पण पुढे काय करता येतं, ते सहा वर्षांत काकांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

म्हणून आज सांगतो. बोट तुटलं तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. लगेच मोठं हॉस्पिटल गाठा. आणि जखम जुनी असली तरी एकदा प्लास्टिक सर्जनला दाखवा.

काकांना सोमवारी घेऊन जातोय.