लिनक्स डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंटमधील मराठी सुविधा

लिनक्स डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंटमधील मराठी सुविधा म्हणजे लिनक्सवर आधारित संगणकावर मराठीत लिहिणे, वाचणे, शोधणे व मुद्रित करणे यांसाठी लागणारे कळफलक, टंक, शब्दकोश, अनुवाद आणि भाषाविषयक नियम यांचा संच होय. यांपैकी बहुतेक घटक मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध आहेत. मात्र अनेक वितरणांत ते मूलभूत स्थापनेचा भाग नसतात. वापरकर्त्याला ते शोधून स्वतंत्रपणे बसवावे लागतात. त्यामुळे 'उपलब्ध' सुविधा आणि 'मूलतः उपलब्ध' सुविधा यांतील अंतर हा मराठी वापरकर्त्यांच्या अपेक्षांचा मुख्य विषय राहिला आहे.

पार्श्वभूमी

लिनक्स हे मूलतः संचालन प्रणालीचे केंद्रक आहे. पडद्यावरील खिडक्या, पट्ट्या, मेनू, फाइल व्यवस्थापक व सेटिंग्ज यांचा एकत्रित संच डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट या नावाने ओळखला जातो. केडीई प्रकल्पाची घोषणा १९९६ मध्ये, तर ग्नोम प्रकल्पाची घोषणा १९९७ मध्ये झाली. एक्सएफसीई, मेट आणि सिनॅमन ही अन्य प्रचलित उदाहरणे आहेत.

कोणती सुविधा मूलतः द्यावी, याविषयी या प्रकल्पांची धोरणे भिन्न आहेत. केडीईच्या प्लाझ्मामध्ये नकल केलेल्या मजकुराचा इतिहास मूलतः मिळतो. ग्नोममध्ये त्यासाठी विस्तार बसवावा लागतो. वापरकर्त्यांची मागणी कालांतराने मूलभूत सुविधेत रूपांतरित झाल्याचीही उदाहरणे आहेत. रात्री पडद्याचा प्रकाश उबदार करण्यासाठी पूर्वी रेडशिफ्टसारखी स्वतंत्र आज्ञावली लागत असे; २०१७ मधील ग्नोम ३.२४ पासून ही सोय ग्नोममध्येच अंतर्भूत झाली.

देवनागरीचे प्रदर्शन

देवनागरीत जोडाक्षरे, रफार आणि उच्चारानंतर येऊनही अक्षराच्या डावीकडे लिहिली जाणारी ऱ्हस्व इकाराची वेलांटी यांमुळे केवळ अक्षरे एकापुढे एक मांडून मजकूर योग्य दिसत नाही. त्यासाठी अक्षररचना करणारी आज्ञावली लागते. २००२ मध्ये आलेल्या जीटीके २.० सोबत पँगो ही ग्रंथालय-आज्ञावली ग्नोममध्ये वापरात आली आणि भारतीय लिप्यांच्या प्रदर्शनाला आधार मिळाला. सध्या हे काम प्रामुख्याने हार्फबझ ही आज्ञावली करते; ग्नोम, क्यूटीवर आधारित प्लाझ्मा आणि लिबरऑफिस या सर्वांत तिचा उपयोग होतो.

भारतीय भाषांच्या आधारासाठी मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा इंडिक्स प्रकल्प, इंडलिनक्स हा स्वयंसेवी प्रकल्प, सी-डॅकचे बॉस हे वितरण आणि रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील भाषाविषयक काम हे महत्त्वाचे प्रयत्न होते. रेड हॅटने प्रसिद्ध केलेली लोहित ही टंकमालिका २०११ मध्ये मुक्त टंक परवान्याखाली आली.

मूलतः अपेक्षित सुविधा

कळफलक

इनस्क्रिप्ट ही भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३१९४:१९९१ या मानकात समाविष्ट असलेली कळफलक रचना लिनक्समध्ये उपलब्ध आहे. तथापि रोमन कळफलकावर उच्चारानुसार टंकलेखन करणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. अशा वापरकर्त्यांसाठी एम१७एन या संग्रहात मराठीची ध्वन्यात्मक रचना व गमभनसारख्या पद्धती आहेत. २०१२ मधील ग्नोम ३.६ पासून आयबस ही टंकलेखन यंत्रणा ग्नोमशी जोडली गेली आहे, परंतु एम१७एनचा जोडभाग अनेक वितरणांत वेगळा बसवावा लागतो. प्लाझ्मामध्ये आयबस किंवा एफसीआयटीएक्स निवडण्याचे काम बहुधा वापरकर्त्यालाच करावे लागते. प्रणाली बसवताना 'मराठी' निवडताच दोन्ही प्रकारचे कळफलक सिद्ध असावेत, ही यातील प्रमुख अपेक्षा आहे.

टंक आणि अक्षररूपे

मराठी व हिंदी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जात असल्या, तरी काही अक्षरांची रूढ रूपे वेगळी आहेत. मराठीत पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' प्रचलित आहेत. ओपनटाइप टंकांत मजकुराची भाषा मराठी असल्याचे कळल्यास ही रूपे आपोआप निवडण्याची सोय करता येते. परंतु त्यासाठी टंकात ती रूपे असावी लागतात आणि संबंधित अनुप्रयोगाने भाषेची माहिती टंकापर्यंत पोहोचवावी लागते. यांपैकी एकही दुवा सुटल्यास मराठी मजकूर हिंदी वळणाने दिसतो.

चंद्रकोरीसारखे 'ऱ्' हे चिन्ह केवळ शोभेचे नाही. त्याने अर्थ बदलतो. 'दर्या' म्हणजे समुद्र, तर 'दऱ्या' हे 'दरी'चे अनेकवचन. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील फरकही याच चिन्हावर अवलंबून आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली (आवृत्ती ५.१) स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. त्यापूर्वीच्या टंकांत ते नसल्याने 'ॲप' किंवा 'ॲसिड' यांसारख्या शब्दांत रिकामी चौकट दिसू शकते.

शुद्धलेखन तपासणी

हनस्पेल या तपासणी यंत्रणेसाठी मराठी शब्दकोश उपलब्ध आहे. मराठीत सामान्यरूपाला विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून लिहितात. 'घर' या एकाच शब्दापासून घराला, घरातून, घरासमोरच्या, घरासमोरच्यांनीसुद्धा अशी असंख्य रूपे होतात. सर्व रूपांची यादी करणे अशक्यप्राय असल्याने प्रत्ययांचे नियम देणे आवश्यक ठरते. नियम अपुरे असल्यास शुद्ध शब्दही लाल रेषेने अधोरेखित होतात आणि वापरकर्ता तपासणीच बंद करतो. प्रमाण मराठीवर बेतलेल्या शब्दकोशात मालवणी, अहिराणी किंवा वसई परिसरातील सामवेदी व वाडवळी या बोलींतील अनेक शब्दही चुकीचे ठरतात.

वर्णक्रम आणि अंक

मराठी वर्णमालेत 'ळ', 'क्ष' व 'ज्ञ' हे 'ह' नंतर येतात. युनिकोडमध्ये मात्र 'ळ' चा क्रमांक 'ल' च्या लगेच नंतर आहे. केवळ संकेतांकांनुसार क्रम लावल्यास हजेरीपट किंवा शब्दसूची मराठी कोशाच्या क्रमाने लागत नाही. त्यासाठी मराठी लोकेलचे नियम वापरावे लागतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमाला व लेखनाविषयी शासन निर्णय काढला आहे. सीएलडीआर या आंतरराष्ट्रीय लोकेल संग्रहात मराठीसाठी देवनागरी अंक मूलभूत मानले आहेत, तथापि सर्व अनुप्रयोग ते पाळत नाहीत. लाख-कोटींनुसार स्वल्पविराम देण्याची अपेक्षाही याच वर्गात मोडते.

वाचनसाहाय्य आणि जुना मजकूर

दृष्टिहीनांसाठी ग्नोममध्ये ऑर्का हा पडदावाचक आहे आणि ईस्पीक एनजी हा ध्वनिसंश्लेषक मराठी वाचू शकतो. आवाज मात्र यांत्रिक वाटतो. छापील मजकूर ओळखणाऱ्या टेसरॅक्टमध्ये मराठीचा समावेश आहे, परंतु भाषेची माहिती-फाइल स्वतंत्रपणे उतरवावी लागते. युनिकोडपूर्व टंकांत अक्षरठसे लॅटिन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. त्या पद्धतीने साठवलेला मजकूर मूळ टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. तो युनिकोडमध्ये बदलणारे साधन डेस्कटॉपसोबतच मिळावे, अशी अपेक्षा जुन्या फाइली सांभाळणाऱ्या कार्यालयांच्या व प्रकाशकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

अडचणी

स्थापना-फाइलचा आकार मर्यादित ठेवण्यासाठी वितरणे सर्व भाषांचे घटक एकत्र देत नाहीत. शिवाय कळफलक, टंक, शब्दकोश व अनुवाद हे चार स्वतंत्र गटांचे काम असल्याने एखादी उणीव नेमकी कोठे नोंदवावी, हे सामान्य वापरकर्त्याला समजत नाही. मेनूंचा अनुवाद प्रामुख्याने स्वयंसेवकांवर अवलंबून असतो. नव्या आवृत्तीत वाक्ये बदलली की अनुवाद अपुरा राहतो आणि पडद्यावर मराठी-इंग्रजी सरमिसळ दिसते. 'फाइल' की 'धारिका' यांसारख्या पारिभाषिक मतभेदांवर उपाय म्हणून फ्युएल या प्रकल्पात वारंवार लागणाऱ्या संज्ञांच्या प्रमाण याद्या करण्यात आल्या.

महत्त्व

नवख्या वापरकर्त्याच्या दृष्टीने जी सुविधा मूलतः दिसत नाही, ती नसल्यासारखीच असते. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी मराठीत लिहिता आले नाही, तर तो रोमन लिपीकडे किंवा इंग्रजीकडे वळतो. पुढे मराठी घटकांचा वापर कमी, म्हणून चाचणी व दुरुस्तीही कमी, असे चक्र सुरू होते. केरळमध्ये शालेय शिक्षणासाठी स्थानिक गरजांनुसार सिद्ध केलेले लिनक्स वितरण वापरले जाते आणि त्यात मल्याळम भाषेच्या सुविधा आधीच जोडलेल्या असतात. उपलब्ध मुक्त घटक एकत्र करून संगणक प्रथम सुरू होतानाच भाषा वापरण्यायोग्य करता येते, हे या उदाहरणावरून दिसते.

हे सुद्धा पहा

लिनक्स
ग्नोम
केडीई
इनस्क्रिप्ट
युनिकोड
देवनागरी