ब्राकीकडचं जेवण

महिन्यातून दोनदा तरी माझं दुपारचं जेवण वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यात होतं. काम काय, तर कोळशाच्या खाणींनी मागे टाकलेले ढिगारे सरकतायत का ते मोजणं. २०२० च्या फेब्रुवारीत टायलर्सटाउनला वादळी पावसात असाच एक ढिगारा घसरला, तेव्हापासून आमच्यासारख्यांना बोलावणी वाढली. सकाळभर चिखलात उपकरणं रोवली की चांगलं हॉटेल शोधायचा उत्साह उरत नाही. त्यामुळे कोपऱ्यावरचा कॅफे ठरलेला. लाकडी बाकं, वाफेने धुरकटलेल्या काचा, अंडी, चिप्स आणि गोडसर टोमॅटो रश्शातले बीन्स. मीठमिरीपलीकडे मसाला नाही, म्हणून मी बॅगेतून लसणीच्या चटणीची डबी काढतो. गल्ल्यावरच्या आजींनी पहिल्यांदा भुवया उंचावल्या होत्या. आता त्याच चिमूटभर मागून घेतात.

इथली जुनी माणसं अशा कॅफेला 'ब्राकी' म्हणतात, मालकाचं आडनाव काहीही असो. ब्राकी हे सुरुवातीच्या एका इटालियन कॅफेवाल्यांचं आडनाव, ते सगळ्यांनाच चिकटलं. आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप 'डालडा' व्हायचं तसंच! यातले बहुतेक आले उत्तर इटलीतल्या बार्डी या डोंगराळ, गरीब गावाच्या आसपासहून. एकाने भाच्याला आणलं, भाच्याने शेजाऱ्याला. उडप्यांची आणि इराण्यांची हॉटेलं बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यांचा जम बसला त्याला एक कायदाही कारण झाला. १८८१ च्या कायद्याने वेल्समध्ये रविवारी दारूचे गुत्ते बंद असत आणि खाणकामगाराला सुटी रविवारचीच. प्रार्थनामंदिर सोडलं तर जायचं कुठे? इटालियनांनी रविवारीही दार उघडं ठेवलं. चहा, आइस्क्रीम, बसायला ऊब. तरुण मुलंमुली तिथे एकत्र बसतात म्हणून धर्मनिष्ठ मंडळी खवळली, पण बाकं भरलेलीच राहिली.

गल्ल्यामागे एक फोटो आहे, अ‍ॅप्रन घातलेल्या मिशाळ माणसाचा. मी दोन वर्षं तो नुसता बघत होतो. एका पावसाळी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा विचारलं. "माझे आजोबा," आजी म्हणाल्या, "बुडाले, लव्ह." इथे सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात, पण त्या वाक्यात तो शब्द फार विचित्र वाटला.

१० जून १९४० ला मुसोलिनीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. त्या रात्री ब्रिटनभर इटालियन दुकानांच्या काचा फुटल्या. पाठोपाठ पुरुषांची धरपकड झाली. यातल्या कित्येकांची मुलं ब्रिटिश सैन्यात होती! काहींना कॅनडात नजरकैदेसाठी 'अरांडोरा स्टार' या जहाजावर चढवलं. एकेकाळचं हे ऐषारामी पर्यटन जहाज, आता राखाडी रंगवलेलं, डेकवर काटेरी तारा. २ जुलैला पहाटे आयर्लंडच्या पश्चिमेला जर्मन पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. म्हणजे इटलीच्या मित्रराष्ट्रानेच. अर्ध्या तासात जहाज गेलं. आठशेच्या आसपास माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक इटालियन. वेल्सहून नेलेले पन्नासच्या वर होते, बरेचसे बार्डीकडचेच. प्रेतं पुढे कित्येक आठवडे आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यांना लागत होती. कार्डिफच्या कॅथलिक कॅथीड्रलमध्ये त्यांचं स्मारक झालं ते २०१० साली.

"काच कोणी फोडली, ते कळलं का?" मी विचारलं.

आजींनी माझ्याकडे असं बघितलं, की प्रश्नच बावळट होता. छोटं गाव. आजीच्या आजीला तिघांची नावं माहीत होती. तिने काचेच्या जागी फळ्या ठोकल्या आणि महिन्याभरात दुकान उघडलं. घरात पाच पोरं होती. त्या तिघांपैकी दोघं पुन्हा रोज यायला लागले. तिने त्यांना चहा दिला, वजनमापात फरक केला नाही, पण मरेपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

"आणि तिसरा?"

"तो कधी आला नाही. त्याची बायको यायची, नेहमी जादा पैसे ठेवून जायची. आजी ते मोजून परत द्यायची."

खोऱ्यातली शेवटची खाण, मार्डीची, १९९० च्या डिसेंबरात बंद झाली. गिऱ्हाईकही आटलं. अशी दुकानं आता बोटांवर मोजण्याइतकी. आजींची मुलगी कार्डिफला नोकरी करते, तिला हे चालवायचं नाही. मला अडीचला परत ढिगाऱ्यावर जायचं होतं. त्या दिवशी आजींनी चहाचे पैसे घेतले नाहीत, फक्त चटणीची डबी पुढच्या वेळी मोठी आणायला सांगितली.