तापलेल्या चिमुकल्या एंजिनाचा पूर्वेतिहास

1965 ते 1977 या काळात कुवेतवर अंमल करणाऱ्या अमिरांचे नाव धारण करणारी सबाह अल-सालेम ही राजधानीच्या दक्षिणेची वसाहत ज्या मुलखात आहे, तेथे 1961 पर्यंत व्यवहार रुपयांत चालत असे. त्यामुळे हा मुलूख मराठी वाचकास अगदीच परका नाही. ऊन मात्र दारुण. याच देशातील मित्रिबा येथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा हवेत दूरनियंत्रित खेळमोटारीचे, मिथेनॉलच्या मिश्रणावर चालणारे नायट्रो एंजिन तापून बंद पडले की दोष उन्हाच्या माथी मारला जातो; पण त्या यंत्राची घडण पाहता हा निवाडा मला घाईचा वाटतो.

त्या घडणीचे मूळ असे: ज्या वर्षी खडकीची लढाई झाली त्याच 1817 साली हम्फ्री डेव्ही यांनी दाखवून दिले, की ज्वलनशील वायूत धरलेली तप्त प्लॅटिनमची तार ज्योतीवाचूनही लाल राहते. या शोधाच्या आधारे 1947 साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी अशाच तारेचा ग्लो प्लग बाजारात आणला आणि चिमुकल्या एंजिनांमागचा ठिणगीचा सारा सरंजाम गेला. त्यासरशी ठिणगीची वेळ राखणारा कारभारीही गेला: इंधन केव्हा पेटावे हे आता उष्णता आणि मिश्रण हीच ठरवतात, म्हणून इंधन कमी पडले की एंजिन तापते, तापले की स्फोट वेळेआधी होतो आणि त्याने ते अधिकच तापते.

एंजिन थंड ठेवायला पाण्याचा बंदोबस्त येथे नाही. बाष्प होताना उष्णता शोषणारे मिथेनॉल, एंजिनाच्या डोक्यावरच्या पात्यांना लागणारा वारा आणि तेल, एवढेच रक्षक. डोक्यावर पाण्याचा थेंब टाकावा: तो क्षणात चर्रकन उडाला तर कार्ब्युरेटरची इंधन-सुई किंचित सैल करून इंधन वाढवावे, आणि तरीही धूर विरळच राहिला तर गाळणीतला कचरा, धुराड्यातून टाकीला दाब पोचवणारी नळी, कार्ब्युरेटरच्या बुडाशी शिरणारी हवा आणि पात्यांत बसलेली धूळ यांची क्रमाने झडती घ्यावी.

पहिल्या महायुद्धातील फिरत्या विमानी एंजिनांना पोसणारे एरंडेल या इंधनात आले, ते मिथेनॉलमध्ये सहज विरघळते म्हणून. पुढे कृत्रिम तेलांनी त्याची जागा बरीचशी घेतली, तरी इंधन कमी पडून धातू तापला असताना एरंडेलाचा थर टिकून राहतो, म्हणून अनेक मिश्रणांत त्याचा थोडा वाटा अद्याप राखला जातो, आणि कुवेतच्या उन्हात तो राखणे मला सर्वस्वी रास्त वाटते.