प्रतिकारयंत्रणा, मानवी

शरीरात शिरलेले जिवाणू, विषाणू, बुरशी व परजीवी ओळखून त्यांचा नाश करणारी पेशी, प्रथिने व इंद्रियांची व्यवस्था. तिचे उपजत आणि अर्जित असे दोन भाग मानतात. उपजत भाग आदिम व दुय्यम महत्त्वाचा, ही समजूत फार काळ टिकली. ती चुकीची आहे. उपजत भागाच्या इशाऱ्यावाचून अर्जित भाग बहुधा कामाला लागतच नाही.

त्वचा, श्लेष्मा, जठरातील आम्ल आणि अश्रू व लाळेतील लायसोझाइम यांना चुकवून जंतू आत आला, म्हणजे समजा पायात काटा रुतला, की तिथल्या महाभक्षी पेशी त्याला गाठून गिळतात. अनेक जंतूंमध्ये सारखेच असणारे काही रेणू ओळखणारे ग्राही या पेशींवर जन्मतःच असतात. ‘टोल’ या ग्राहीच्या जनुकाचे संरक्षणातील कार्य झ्यूल्स हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्ये फळमाशीत दाखवले. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांना तसाच ग्राही उंदरात सापडला. ग्राही चेतवले की पेशी सायटोकाइन हे संदेशवाहक रेणू सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि काही तासांत न्यूट्रोफिल पेशी तिथे जमतात. लाली, ऊब, सूज व ठणका ही याचीच लक्षणे. पू म्हणजे बव्हंशी मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी. विषाणूंविरुद्ध इंटरफेरॉन व नैसर्गिक मारक पेशी काम करतात.

भक्षक पेशींचे हे कार्य इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे ओळखले. तारामाशाच्या पारदर्शक डिंभात त्यांनी काटे टोचले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. संरक्षण पेशी करतात की रक्तद्रव, हा वाद पुढे बराच रंगला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि रक्तद्रवाच्या बाजूचे पाउल एर्लिख यांना विभागून मिळाले, हे न्याय्यच झाले. ओडेसा येथील मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

दोन्ही भागांना जोडतात त्या द्रुमाकृती पेशी (शोध: राल्फ स्टाइनमन, १९७३). जंतूचे तुकडे घेऊन त्या जवळच्या लसीकाग्रंथीत जातात. पायाच्या जखमेने जांघेत अवधाण येते ते या ग्रंथी सुजल्यामुळे. तिथे बी व टी या लसीकापेशी असतात. प्रत्येक पेशीवरचा ग्राही निराळा, कारण तो जनुकांचे तुकडे यदृच्छया जोडून बनतो. बी पेशींतील ही जुळणी सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये सिद्ध केली. म्हणजे जंतू येण्याआधीच त्याला जुळणारी पेशी बहुधा शरीरात हजर असते. या यंत्रणेतली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच म्हणावी लागेल. मात्र अशा पेशी मोजक्याच असल्याने त्यांची पुरेशी संख्यावाढ व्हायला पहिल्या वेळी साधारण आठवडा लागतो. त्यानंतर बी पेशींपासून प्रतिपिंडे स्रवणाऱ्या पेशी बनतात, मारक टी पेशी बाधित पेशी नष्ट करतात आणि साहाय्यक टी पेशी दोघींना चालना देतात. एचआयव्ही या साहाय्यक पेशीच संपवतो, म्हणून एरवी निरुपद्रवी असलेले जंतूही एड्सच्या रुग्णाच्या जिवावर उठतात.

यदृच्छया बनलेले काही ग्राही स्वतःच्याच ऊतींना जुळतात. अशा बहुतेक टी पेशी थायमस ग्रंथीत मारल्या जातात. निसटलेल्यांना नियामक टी पेशी आवरतात (शोध: शिमोन साकागुची, १९९५). हा आवर सुटला की पहिल्या प्रकारचा मधुमेह किंवा आमवाताभ संधिवात यांसारखे विकार होऊ शकतात.

संसर्ग सरल्यावर त्या जंतूची ओळख राखणाऱ्या स्मृतिपेशी उरतात. १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या वृद्धांना तो पुन्हा झाला नाही, असे डॅनिश वैद्य पेटर पानुम यांनी नोंदवले. लस हीच स्मृती आजाराविना निर्माण करते. गोवराचा विषाणू मात्र स्मृतिपेशींनाच ग्रासतो. त्यामुळे गोवरातून बरे झालेल्या मुलांची इतर रोगांविरुद्धची प्रतिपिंडे लक्षणीय घटतात, असे २०१९ मध्ये आढळले. लशीमुळे तशी घट होत नाही.