भारिप बहुजन महासंघ : वारसा आणि संघटना

पक्ष आणि कुटुंब यांचे नाते हा आपल्या चळवळीतील नाजूक विषय होय. त्यावर खासगीत पुष्कळ बोलले जाते. लिहिले मात्र क्वचितच जाते. भगवान बुद्धांनी आपल्या पश्चात संघासाठी उत्तराधिकारी नेमला नाही. धम्म आणि विनय हेच यापुढे शास्ता असतील, असे त्यांनी आनंदास सांगितल्याचे महापरिनिब्बान सुत्तात नमूद आहे. राहुल संघात होता, परंतु तो संघाचा वारसदार झाला नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही आपल्या अखेरच्या ग्रंथात या गोष्टीची आवर्जून दखल घेतली आहे. ही कसोटी समोर ठेवूनच भारिप बहुजन महासंघाच्या इतिहासाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपूर येथे रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याचे अध्यक्षपद मद्रासचे एन. शिवराज यांच्याकडे गेले. बाबासाहेबांचे पुत्र यशवंतराव ऊर्फ भय्यासाहेब यांच्याकडे नव्हे. भय्यासाहेबांनी प्रामुख्याने भारतीय बौद्ध महासभेची धुरा वाहिली. पुढे पक्षात दुरुस्त-नादुरुस्त असा वाद झाला, गायकवाड, कांबळे, खोब्रागडे, गवई अशा नावांनी गट ओळखले जाऊ लागले. ही शकले घराणेशाहीमुळे पडली, असे म्हणण्यास इतिहासात आधार नाही. ज्या काळात कुटुंबाच्या हाती पक्ष नव्हता, त्याच काळात तो फुटला, हे टीकाकारांनी ध्यानात घ्यावयास हवे.

भय्यासाहेबांचे 1977 मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांचे ज्येष्ठ पुत्र ॲड. प्रकाश तथा बाळासाहेब हे अवघे 23 वर्षांचे होते. मुंबई-पुण्याच्या गटबाजीत न अडकता त्यांनी अकोल्यास कर्मभूमी मानले. 1990 ते 1996 या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. परंतु आमच्या मते त्यांच्या राजकारणाचा खरा आरंभ किनवटच्या 1993 च्या पोटनिवडणुकीत आहे. नांदेड जिल्ह्यातील त्या मतदारसंघात भीमराव केराम हा आदिवासी उमेदवार बहुजन महासंघातर्फे निवडून आला. बंजारा समाजातील माखराम पवार हे या महासंघाच्या उभारणीतील अग्रणी. पुढे भारतीय रिपब्लिकन पक्ष आणि बहुजन महासंघ यांच्या मीलनातून 1994 मध्ये 'भारिप बहुजन महासंघ' हे काहीसे लांबलचक नाव रूढ झाले.

'अकोला पॅटर्न' म्हणतात तो हाच. त्याची मांडणी साधी होती : बौद्धांची मते पायाभूत, आणि उमेदवारी मात्र माळी, धनगर, कोळी, बंजारा अशा समाजांना, ज्यांना मोठे पक्ष मतांपुरते विचारीत. ज्याची मते अधिक त्याचाच उमेदवार, हा व्यवहार येथे उलटा केला गेला. बौद्ध कार्यकर्त्याने स्वतःची उमेदवारी बाजूस ठेवून शेजारच्या समाजाचा प्रचार करावयाचा, हे सोपे नव्हते. दानपारमितेचा हा राजकीय अभ्यास होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. अकोला जिल्हा परिषदेची सत्ता याच बळावर मिळाली.

लोकसभेत मात्र 1989, 1991 आणि 1996 मध्ये अकोल्याने भाजपचे पांडुरंग फुंडकर यांना निवडले. 1998 मध्ये काँग्रेसशी समझोता होऊन बाळासाहेब, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे असे चार रिपब्लिकन नेते खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. 1999 मध्ये बाळासाहेब पुन्हा विजयी झाले. त्याच वर्षी राज्यातील आघाडी सरकारात पक्षाच्या वाट्याला आलेली मंत्रिपदे माखराम पवार आणि डॉ. दशरथ भांडे यांना मिळाली. कुटुंबातील कोणी मंत्री झाले नाही, आणि दोन्ही मंत्री बौद्धेतर समाजांतील होते.

2004 नंतर चित्र पालटले. अकोल्यातून संजय धोत्रे सलग चार वेळा निवडून आले, आणि 2024 मध्ये त्यांचे पुत्र अनुप धोत्रे. (घराण्याचा प्रश्न केवळ आंबेडकरांनाच का विचारला जातो, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही.) विधानसभेत 2014 मध्ये बळीराम सिरस्कार हे पक्षाचे एकमेव आमदार उरले. बौद्ध मतदार हलला नव्हता. मित्रसमाज मात्र इतर पक्षांनी एकेक करून आपल्याकडे ओढले.

येथे संघटनेचा दोष मान्य करावाच लागेल. उमेदवार अनेक समाजांचे, पण निर्णयाचे स्थान एकच, अशी रचना राहिली. निवडून आलेल्यास पक्षात स्वतःचे अधिष्ठान मिळाले नाही, तेव्हा त्याला बांधून ठेवणारे काही उरले नाही. आंबेडकर या नावाने माणसे जोडली, परंतु त्या नावाखाली दुसरी फळी उभी करण्याचे काम मागे पडले. विनय, म्हणजे सर्वांनी पाळावयाचे नियम, शास्त्याच्या जागी ठेवण्याची जी व्यवस्था संघात होती, तिचा येथे अभाव जाणवतो.

1 जानेवारी 2018 रोजी भीमा कोरेगाव येथे हिंसाचार झाला, आणि 3 जानेवारीच्या महाराष्ट्र बंदने बाळासाहेबांचे नेतृत्व राज्यभर पोहोचले. त्यातून त्याच वर्षी वंचित बहुजन आघाडी आकारास आली. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत तिच्या उमेदवारांनी लक्षावधी मते घेतली. बाळासाहेब स्वतः अकोला व सोलापूर या दोन्ही ठिकाणी पराभूत झाले. भारिप बहुजन महासंघ आघाडीत विलीन झाला. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत आघाडीस एकही जागा मिळाली नाही. किनवटहून भीमराव केराम मात्र निवडून आले, भारतीय जनता पक्षाच्या उमेदवारीवर.