कुत्रेदादा, मांजरताई आणि हुनानचे गव्हर्नर

बंदी आलेल्या बालपुस्तकांच्या याद्या इंग्रजीत पुष्कळ आहेत. त्यांत एक नोंद हमखास सापडते : १९३१, चीनचा हुनान प्रांत, ‘ॲलिस इन वंडरलँड’, कारण, त्यातले प्राणी माणसांसारखे बोलतात. वाचणारा हसतो आणि पुढच्या नोंदीकडे वळतो. मी भाषांतरकार आहे. मुलांच्या पुस्तकांतले प्राणी मराठीत बोलते करण्यात माझे बरेच दिवस जातात, म्हणून मी या नोंदीपाशी थांबले. तिच्यामागची हकिकत पाहिली, तेव्हा प्राण्यांच्या बोलण्याइतकंच आणखी काहीतरी गव्हर्नरसाहेबांना खुपत होतं असं दिसलं.

हे गव्हर्नर म्हणजे हो च्येन, मूळचे सेनाधिकारी. १९३१च्या सुरुवातीला त्यांनी शिक्षण मंत्रालयाला एक पत्र पाठवलं. त्याचा रोख प्राथमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकांवर होता. नव्या पुस्तकांत कुत्रा म्हणतो, डुक्कर म्हणतं, बदक म्हणतं, ही त्यांची पहिली तक्रार. दुसरी तक्रार अशी, की या पुस्तकांत मांजरीला ‘कुमारी’, कुत्र्याला ‘थोरले दादा’ आणि बैलाला ‘आजोबा’ म्हटलेलं असतं. माणसांमधल्या आदराच्या उपाध्या जनावरांना लावणं त्यांना असभ्य आणि विपरीत वाटलं. ॲलिसचं नाव जगाला ओळखीचं होतं, म्हणून याद्यांत ते राहिलं; पत्रातला मानापमानाचा भाग मात्र गळून गेला.

मला तोच भाग महत्त्वाचा वाटतो. बोलणारे प्राणी चीनला नवे नव्हते. ‘च्वांगत्झ’सारख्या प्राचीन ग्रंथात ते आहेत. जातककथा तिसऱ्या शतकापासून चिनी भाषेत उतरत होत्या. सोळाव्या शतकातल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरीतलं सुन वुखोंग हे माकड तर बोलतंच, शिवाय स्वर्गाच्या बरोबरीची पदवी मागून देवलोकात धुमाकूळ घालतं. मग १९३१ सालीच असं काय बिघडलं? काळ पाहिला तर थोडा उलगडा होतो. १९३०च्या जुलैमध्ये लाल सैन्याने हुनानची राजधानी चांगशा काही दिवस ताब्यात घेतली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हो च्येनच्या अमलात माओंची पत्नी यांग खायहुई हिला तिथे मृत्युदंड दिला गेला. कोण वरचा, कोण खालचा, हे ज्या प्रांतात बंदुकीने ठरत होतं, तिथल्या सत्ताधाऱ्याला बैलाला ‘आजोबा’ म्हणणारं मूल धोक्याचं वाटलं असावं. हे माझं अनुमान आहे. पण पत्रातले शब्द त्याच दिशेला बोट दाखवतात.

गंमत अशी, की त्यांच्या बाजूला एक अनपेक्षित साथीदार आला. शांग चोंगयी हे अमेरिकेत शिकून आलेले शिक्षणतज्ज्ञ. त्याच वर्षी त्यांनीही मुलांच्या पुस्तकांतल्या ‘पक्ष्यांच्या आणि पशूंच्या बोली’वर टीका केली. त्यांचा आधार परंपरेचा नव्हता, विज्ञानाचा होता : निसर्गात नाही ते मुलांना का शिकवायचं? पाठ्यपुस्तकं लिहिणारे वू यानयिन यांनी त्यांना उत्तर दिलं आणि वाद वर्तमानपत्रांत रंगला. जुन्या वळणाचा सेनानी आणि नव्या वळणाचा विद्वान, दोघांची गृहीतकं वेगळी, पण मुलाविषयीचा समज एकच : त्याला जे सांगाल ते तो खरं मानून बसतो आणि कायमचं तसंच मानत राहतो.

या समजाला लू शुन यांनी उत्तर दिलं, तेही एका भाषांतराच्या निमित्ताने. हंगेरीचे कवी पेतोफी यांचं एक परीकथेसारखं काव्य एस्पेरांतोमार्गे चिनीत आलं होतं. एप्रिल १९३१मध्ये त्याला जोडलेल्या टिपणात त्यांनी लिहिलं, की अलीकडे मुलकी आणि लष्करी अधिकाऱ्यांनाही परीकथांबद्दल मतं फुटू लागली आहेत. पुढे त्यांचं म्हणणं असं, की अधिकाऱ्यांची मनं थांबलेली असतात, मुलांची वाढत राहतात. राक्षसाच्या खांद्यावर बसून परींच्या बेटावर राज्य करायला निघालेलं मूल दाढी आल्यावरही तेच स्वप्न पाहत बसत नाही. या वादातलं इतकं शहाणं वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही.

आता ॲलिसकडे. तिला १९२२ साली चिनीत आणलं ते भाषाशास्त्रज्ञ चाओ युआनरन यांनी. बोलीभाषेत साहित्य लिहिता येतं का, हा तेव्हाचा ज्वलंत प्रश्न होता आणि चाओंनी हे भाषांतर त्याची परीक्षा म्हणून हाती घेतलं. प्रस्तावनेत ते सांगतात, की ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ यांसाठी वेगळी चिन्हं लेखनात नुकतीच रुळली नसती, तर शेवटच्या प्रकरणांमधली सर्वनामांची कविता चिनीत आणताच आली नसती. म्हणजे सश्याला, सुरवंटाला काय म्हणायचं, हा प्रश्न तिथेही आधी भाषांतरकारापुढे आला, गव्हर्नरपुढे नंतर.

मराठीत तो रोजचा आहे. इंग्रजीतल्या एका ‘यू’मागे आपल्याला तू, तुम्ही आणि आपण यांतून निवड करावी लागते. हुक्का ओढणारा सुरवंट ॲलिसला ‘तू कोण?’ म्हणेल की ‘आपण कोण?’ आणि ती त्याला अहो म्हणेल की अरे? आपल्या भाषेने तर हो च्येनना घेरीच आणली असती. वाघोबा, कोल्होबा, चिऊताई, माकडदादा, हत्तीदादा! वाघोबाला तर नुसता मान नाही, गावच्या वेशीवर देवळीही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून इसापाच्या गोष्टी मराठीत निघाल्या, तेव्हापासून छापील मराठीतही जनावरं बोलत आली आहेत. आपण या ‘बा’ आणि ‘ताई’मध्ये भीती, जवळीक आणि थट्टा एकत्र मिसळतो, आणि तीन वर्षांच्या पोरालाही ती वेगवेगळी ऐकू येतात.

म्हणून कोणी ‘प्राण्याला इतका मान कशाला, साधं तू करा’ असं सुचवलं, की मला हुनान आठवतं. बंदी नेहमी शिक्का मारूनच येते असं नाही. कधी ती हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीने येते. तिथे जो मान खोडला जातो, तो फक्त मांजरीचा नसतो. दुबळ्यालाही आदराने हाक मारून पाहण्याची मुलाला मिळालेली ती पहिली संधी असते.

चाओंनी पुढे आरशापलीकडच्या ॲलिसचंही भाषांतर केलं. त्याची मुद्रितं शांघायच्या कमर्शिअल प्रेसमध्ये होती. १९३२च्या जानेवारीत जपानी बॉम्बहल्ल्यात तो छापखाना जळाला आणि त्यांत ती गेली. चाओंनी ते काम पुन्हा उभं केलं आणि १९६८ साली छापलं. त्या पानांवर प्राणी अजून बोलत आहेत.