पेव

'क्लासेसचं पेव फुटलंय' असं आपण सहज म्हणून जातो. पण पेव म्हणजे नेमकं काय, हे घरातल्या भाचरांना विचारून बघा!

लातूर-नांदेडकडे जमिनीखाली खणलेलं धान्याचं कोठार म्हणजे पेव. तळाला नि कडेला कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर फरशी आणि वर माती. हवा लागत नसल्यानं ज्वारी काही वर्षं टिकायची. उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा जीव घ्यायची.

एखादं वाईट वर्ष पेव निभावून न्यायचं. १९७२ चं निभावलं नाही, कारण आधीची दोन वर्षंही वाईटच गेली होती. आणि खरं सांगायचं तर पेव होतं जमीनवाल्याचं, मजुराचं नव्हे. मजुराला जगवलं ते दुष्काळी कामांनी. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं या कामांवर होती. हातात मजुरी आली, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. चव कुणाला रुचली नाही, पण पोटात गेली. त्याच अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. ही कमाई लहान नाही.

दरम्यान शेतातली ज्वारी बदलत होती. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे पहिलं हायब्रीड आलं. उतारा भरपूर, पण दाणा भरताना पाऊस लागला की ज्वारी काळी पडायची, आणि ताट बुटकं म्हणून कडबाही कमी. सरकारी खरेदी आणि रेशन मुख्यतः गहू-तांदळाचं. मग काळ्या ज्वारीला विचारतो कोण? नव्वदच्या दशकापासून सोयाबीन पसरलं. शंभर-सव्वाशे दिवसांत रोख पैसा. यात शेतकऱ्याचं काय चुकलं?

आज या दोन जिल्ह्यांच्या खरिपात सोयाबीनचंच राज्य आहे. त्याचं तेल निघतं आणि पेंड कोंबड्यांना जाते. भाकरी काही होत नाही. घरातलं धान्य आता सोयाबीनच्या भावावर आणि रेशनकार्डावर अवलंबून. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, बाजारात मात्र त्याहून बरंच खाली विकावं लागलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य १ रुपया किलोनं लिहिलेलं आहे, २०२३ पासून तर रेशन मोफतच. तरी पिशवीत पडतो तो बहुतेक गहू नि तांदूळच.

पेवाचे दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही; त्या दिवसांत मजूर उपाशीच होता. पण रेशनसाठी इथलीच ज्वारी बऱ्या भावानं घेतली असती, तर मजुराचं पोटही भरलं असतं आणि शेतात भाकरीही उरली असती. दोन्ही एकदम साधता येत होतं, हीच खंत आहे.

असो. तुमच्या गावी एखादं बुजलेलं पेव असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याबद्दल नक्की विचारा. सांगणारे कमी होत चाललेत.